नाताळचा प्रकाश आणि रातपाळीची माणसे

वसंत व्याख्यानमालेत नाताळवर बोलायचे म्हणजे आंब्याच्या दिवसांत बोरांची चौकशी करण्यासारखे आहे, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला ऐकवले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु ज्या ठाणे शहरात आम्ही हे बोलत आहो, त्याच शहरात १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात, म्हणजे अशाच उन्हाळ्याच्या दिवसांत, चार ख्रिस्ती साधू आपल्या श्रद्धेपायी मारले गेले. नाताळच्या प्रकाशाचा अर्थ त्यांना बाजूला ठेवून सांगता येत नाही, हे पुढे ओघात येईलच. तेव्हा ऋतूचा दोष श्रोत्यांनी पोटात घालावा, ही विनंती.

आम्ही जन्माने ख्रिस्ती नाही, आणि पंडित तर मुळीच नाही. कारखान्याच्या पाळ्या आणि युनियनची कामे सांभाळून वाचनालयात जे हाती लागले, ते वाचले. न समजलेले समजावून देणारी माणसे सुदैवाने शेजारीच राहत होती. ठाण्यापासून वसईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबे आहेत. डिसेंबर उजाडला की त्यांच्या गॅलरीत चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो. पुष्कळदा शेजारच्या गॅलरीत दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, आणि मग दोन्ही कंदील एकाच वाऱ्यावर हलत राहतात. दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही घराबाहेर टांगायचे असतात. घरातल्या माणसाला दिसावे म्हणून कंदील कोणी लावीत नाही. तो वाटसरूसाठी असतो.

प्रकाशाचा उत्सव ही कोणा एका धर्माची मिरास नाही. ठाण्यातच १८७९ साली बांधलेले बेने इस्रायल मंडळींचे ‘शआर हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर आहे. त्यांच्या हनुक्का सणात आठ दिवस चढत्या संख्येने दिवे लावतात, आणि तेही बाहेरच्यांना दिसतील असे ठेवण्याचा प्रघात आहे. मग प्रश्न असा, की नाताळच्या दिव्यात ख्रिस्ती माणसाला निराळे असे काय दिसते? ‘अंधारावर प्रकाशाचा विजय’ हे उत्तर सर्व सणांना चालते. जे सर्वांना चालते, त्याने एकाचीही नीट ओळख होत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे नाताळचा प्रकाश विजयाची मिरवणूक काढून येत नाही. तो रात्रीच्या आत येतो, रात्री जागणाऱ्यांकडे येतो, आणि रात्र संपलेली नसतानाच तेथे राहतो. एवढेच आज उलगडून सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. ख्रिस्तजन्माची हकीकत चार शुभवर्तमानांपैकी दोघांतच आहे, मत्तयाच्या आणि लूकच्या. लूक सांगतो की बाळाला गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. त्या गव्हाणीपाशी दिवा होता असे कोठेही लिहिलेले नाही. आपण देखाव्यात ठेवतो तो कंदील नंतरच्या कल्पनेतला आहे. लूकच्या कथेत प्रकाश पडतो तो दूर माळावर, मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांभोवती. मूळ ग्रीकमध्ये ते ‘रात्रीचे पहारे’ करीत होते, असे अनेकवचनी शब्द आहेत. पहारे अनेक, म्हणजे पाळीपाळीने जागणे आले. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. जगातल्या एवढ्या मोठ्या धर्माची पहिली वार्ता राजवाड्यात गेली नाही, देवळात गेली नाही. ती रातपाळीवरच्या माणसांना मिळाली. गाव झोपले होते, आणि दुसऱ्यांच्या झोपेची किंमत जे जागून मोजीत होते, त्यांना ती प्रथम कळली.

मत्तयाच्या कथेत प्रकाश आहे तो ताऱ्याचा, आणि तो दिसतो पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना. मेंढपाळांना प्रकाश कामावर असताना गाठतो. ज्ञानी लोकांना त्याच्यामागून मैलोगणती चालावे लागते. शिवाय तारा असूनही त्यांना यरुशलेमेत थांबून माणसांना वाट विचारावी लागली. तारा दिशा दाखवतो, पण चालणे आणि चौकशी करणे ही कामे तो आपल्यावरच ठेवतो. विद्येवर विश्वास असलेल्या आम्हां स्वयंशिक्षितांना हा तपशील फार आवडतो.

मग गव्हाणीपाशी उजेड कोणाचा? चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिताने आपल्या साक्षात्काराचे वर्णन केले. त्यात बाळाच्या अंगातूनच असे तेज निघते की योसेफाने आणून ठेवलेली मेणबत्ती फिकी पडते. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी हीच कल्पना उचलली. इटलीच्या कोरेज्जोचे ‘पवित्र रात्र’ हे १५३० च्या सुमाराचे चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. त्यात सारा उजेड बाळाकडून येतो आणि सभोवारच्या चेहऱ्यांवर पडतो. ख्रिस्ती श्रद्धेचे सार या चित्रात आले आहे. देवाकडून आलेला उजेड एखाद्या गादीवर किंवा शिखरावर ठेवलेला नाही. ज्याला स्वतःची मान सावरता येत नाही, अशा तान्ह्या मुलात तो आहे, आणि ते मूल दुसऱ्याने उचलून घ्यावे लागते.

आता तारखेचा विचार करू. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शुभवर्तमाने सांगत नाहीत. रोममध्ये २५ डिसेंबर पाळला जात असल्याचा सर्वांत जुना आधार ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात आहे. त्यातली नोंद ३३६ सालची मानतात. ही तारीख का निवडली, यावर विद्वानांत दोन मते आहेत. ज्यूलियस सीझरच्या कालगणनेत हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबरला धरीत. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले, आणि त्या सूर्याचा जन्मदिनही २५ डिसेंबर मानला गेला. ख्रिस्ती लोकांनी त्याच दिवशी आपला सूर्य मांडला, हे एक मत. दुसरे मत असे, की येशूचा गर्भसंभव २५ मार्चला झाला, असे काही जुन्या लेखकांनी गणित केले होते. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. कोणते मत खरे याचा निवाडा आम्ही करणार नाही. एवढे मात्र खरे, की ठाण्यात या दिवसांत दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तर रोममध्ये तो जेमतेम नऊ तासांचा. थंडीच्या मुलखात उजेड मिनिटामिनिटाने परत येऊ लागणे ही केवढी मोठी बातमी असेल, याची आपण उन्हाळलेल्या माणसांनी फक्त कल्पना करावी.

परंतु सूर्य आणि ख्रिस्त यांची गल्लत होऊ नये, याविषयी धर्मगुरू दक्ष होते. पाचव्या शतकात पोप पहिला लिओ याने आपल्या नाताळच्या प्रवचनात लोकांना खडसावले. सेंट पीटरच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेल्यावर काही भाविक मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करीत, हे त्याला खटकले होते. त्याचे म्हणणे असे, की उजेडाचा उपयोग करा, पण ज्याने तो केला त्याला नमस्कार करा. बायबलच्या पहिल्याच अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. वाचणारा येथे अडखळतो. पण सांगायचे हेच असावे, की प्रकाश सूर्याच्या मालकीचा नाही. ख्रिस्त आणि पिता यांचा संबंध समजावताना जुन्या धर्माचार्यांनी दिव्यावरून दिवा लावण्याचा दाखला दिला आहे. दुसरा दिवा लागला तरी पहिल्याचे तेज कमी होत नाही. हा दाखला मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, ताराही नाही. तेथे आरंभीच प्रकाश आहे आणि अंधार आहे. प्रकाश अंधारात तेवतो, आणि अंधाराने त्याचे काय केले नाही, हे सांगताना योहान एक ग्रीक क्रियापद वापरतो. त्याचा अर्थ ‘काबीज करणे’ असाही होतो आणि ‘समजून घेणे’ असाही. भाषांतर करणाऱ्यांना या शब्दाने शतकानुशतके पेचात टाकले आहे. आमच्या मराठीत मात्र ‘आकळणे’ हे जुने क्रियापद दोन्ही अर्थ एकत्र बाळगून आहे. घोडा आकळतो म्हणजे ताब्यात येतो, आणि विषय आकळतो म्हणजे ध्यानात येतो. अंधाराला प्रकाश आकळला नाही! तो त्याला विझवूही शकला नाही आणि ओळखूही शकला नाही. येथे दावा किती मोजका आहे, हे पाहण्यासारखे आहे. अंधार नाहीसा झाला असे योहान म्हणत नाही. अंधार होता आणि आहे, दिवाही आहे.

मराठीला हा विषय नवा नाही. जन्माने इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आणि येथल्या लोकांच्या भाषेत व ओवीच्या छंदात त्यांनी ख्रिस्ताची कथा लिहिली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापून निघाले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. म्हणजे हा दिवा मराठी घरात मराठी वातीनेच लावला गेला आहे.

आता कल्याणकडे वळू. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी प्रवाशाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला एक ख्रिस्ती बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर खाडीच्या या काठावर नाताळचा दिवा पोर्तुगीज गलबते येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी लागला असला पाहिजे. तो लावणारे पौर्वात्य सुरियानी परंपरेचे होते. त्याच परंपरेची एक मोठी शाखा केरळात टिकली. आणि पोटापाण्यासाठी मुंबईकडे आलेल्या मलयाळी मंडळींसाठी १९८८ साली सिरो-मलबार पंथाचा जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला नाव दिले गेले ते कल्याणचेच.

केरळच्या सुरियानी मंडळींत नाताळच्या रात्रीचा एक विधी आहे. चर्चच्या अंगणात खड्डा करून त्यात आग पेटवतात. मागच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादून घरी नेलेली आणि वर्षभरात सुकलेली पाने तीत टाकतात. लोक आगीभोवती फिरतात आणि तीत ऊद घालतात. ही शेकोटी म्हणजे त्या माळावरच्या मेंढपाळांची शेकोटी. हा विधी आम्ही पुस्तकात वाचण्याआधी पाहिला, आणि तो चर्चमध्ये पाहिला नाही. ती हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे.

पंचवीसेक वर्षांमागची गोष्ट. ठाण्यातला एक कारखाना टाळेबंदीत होता. गेटबाहेर ताडपत्रीखाली कामगार पाळीपाळीने बसत. २४ डिसेंबरची रात्र होती आणि थंडी होती. खोक्यांच्या फळ्या आणि वाळका पाला घालून शेकोटी केली होती. आमच्यात एक फिटर होता, मूळचा केरळचा, राहणारा डोंबिवलीचा. तो घरी जायला निघाला होता. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला त्याला पोचायचे होते. जाता जाता तो शेकोटीपाशी थांबला आणि म्हणाला, “भाऊ, आमच्या गावी आज चर्चच्या अंगणात अशीच आग पेटते.” मग त्याने ऊद आहे का, असे विचारले. संपावरच्या नाहीतर टाळेबंदीतल्या माणसापाशी ऊद कोठला? गेटपाशी दत्ताची तसबीर होती, तिच्यासमोरच्या पुड्यातली एक उदबत्ती कोणीतरी काढून दिली. त्याने ती शेकोटीत टाकली, हात जोडले आणि थोडा वेळ उभा राहिला. कोणी हसले नाही.

आम्ही तेव्हा तरुण होतो आणि वादाला तयार होतो. आम्ही त्याला विचारले, “तुझा प्रकाश आला खरा, पण उद्या हे गेट उघडणार आहे का?” तो म्हणाला, “भाऊ, त्या मेंढपाळांचं तरी दुसऱ्या दिवशी काय बदललं होतं? मेंढरं राखायला परत तेच गेले.”

गेट उघडले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली आणि हाती आली ती अर्धीमुर्धी. तेव्हा ही गोष्ट आम्ही चमत्काराची म्हणून सांगत नाही. पुढे शुभवर्तमान उघडून पाहिले तेव्हा फिटरचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. मेंढपाळ परत गेले असेच लूक लिहितो. हेरोद राजा गादीवरच राहिला. एवढेच नव्हे, तर मत्तय सांगतो की त्याने बेथलेहेमातली तान्ही मुले मारवली. २५ डिसेंबरच्या मागोमाग २८ डिसेंबरला चर्च त्या निष्पाप बालकांचा दिवस पाळते. सणाच्या ऐन मध्यावर हे दुःख मांडून ठेवणाऱ्या धर्माला भोळा कसे म्हणावे? मेंढपाळ परत गेले खरे, पण लूक म्हणतो की ते स्तुती करीत गेले. काम तेच होते. पण आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, ही त्यांची समजूत त्या रात्री मोडली होती. संघटना करणाऱ्या माणसाला ठाऊक असते, की सगळ्या गोष्टींचा आरंभ ही समजूत मोडण्यापासून होतो. मेंढपाळांच्या कथेआधी लूकने मरियेच्या तोंडी जे स्तोत्र घातले आहे, त्यात गादीवरचे खाली येतात, दीन वर उचलले जातात आणि भुकेलेले पोटभर जेवतात. नाताळचा प्रकाश ज्या घरात येतो, त्या घरच्या आईची अपेक्षा अशी आहे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या चार साधूंकडे येऊ. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवत, बैल आणि गाढव आणवून गव्हाणीचा देखावा मांडला. गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन जंगलातून आले. आज घरोघर मांडले जाणारे नाताळचे गोठे लोकप्रिय झाले ते तेथून. या फ्रान्सिसच्या पंथातले चौघे, तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस, चीनकडे जाण्याच्या वाटेवर ठाण्यास उतरले. तेव्हा ठाण्यात पौर्वात्य परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे त्यांच्यानंतर आलेला प्रवासी ओडोरिक सांगतो. अशाच एका घरी ते राहिले. त्या घरातले नवरा-बायकोचे भांडण दरबारात गेले, साधूंना साक्षीला बोलावले, साक्षीतून धर्माचा वाद निघाला आणि अखेर चौघांचा जीव गेला. त्यांच्या मृत्यूच्या वेळी आकाश उजळले आणि चंद्र विलक्षण तेजाने चमकला, असे ओडोरिकने लिहिले आहे. हे श्रद्धेचे वर्णन आहे. त्याचा पंचनामा करण्याचे कारण नाही. जॉर्डानस नावाच्या दुसऱ्या साधूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले.

या जुन्या हकीकतीवरून आज कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. सातशे वर्षांपूर्वी मते जुळली नाहीत की जीव घेणे, हा जगभरचा रिवाज होता आणि ख्रिस्ती सत्ताही त्याला अपवाद नव्हत्या. आम्ही ती सांगितली ती एवढ्यासाठी, की गव्हाणीचा देखावा मांडणाऱ्या पंथाला त्या उजेडाची किंमत माहीत होती. नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादून वाटतात. बाळाला मंदिरात आणले तेव्हा शिमोन नावाच्या म्हाताऱ्याने त्याला हातात घेतले, त्याची आठवण म्हणून हा दिवस. शिमोन बाळाला सर्व राष्ट्रांचा प्रकाश म्हणतो, आणि लगेच आईला सांगतो की तुझ्या काळजातून तलवार जाईल. प्रकाश आणि तलवार एकाच दमात! मेणबत्ती उजेड देते ती स्वतः सरून देते. नाताळची मेणबत्ती सरत सरत वधस्तंभापर्यंत जाते, असे ख्रिस्ती माणूस मानतो.

तेथेही ती संपत नाही. वसंतात ईस्टर येतो. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सारे दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावून अंधाऱ्या मंदिरात आणतात, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली छोटी मेणबत्ती पेटते. हा आपल्याजवळची ज्योत त्याला देतो, तो पुढच्याला देतो, आणि अंधार माणसागणिक मागे सरतो. नाताळच्या आधीही अशीच क्रमाने दिवे लावण्याची रीत आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखेर्न यांनी गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवला होता. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजच्यासाठी लहान तांबड्या होत्या आणि चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. मुले दिवे मोजून वाट पाहू लागली. आज चर्चमध्ये दिसणारे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे त्यातूनच आले. ज्यांना घर नव्हते त्यांना वाट पाहणे सुसह्य व्हावे म्हणून निघालेली ही युक्ती अनेक चर्चनी उचलली, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

शेवटी तलावपाळीजवळच्या आपल्या ठाण्याच्या चर्चविषयी दोन शब्द सांगून थांबतो. ते ज्याच्या नावाने आहे तो सेंट जॉन द बॅप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. त्याच्याविषयी शुभवर्तमान स्पष्ट सांगते की तो स्वतः प्रकाश नव्हता; प्रकाशाची साक्ष द्यायला आला होता. चर्च त्याचा जन्मदिन २४ जूनला पाळते. जूनच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, आणि तेथून तो लहान होऊ लागतो. ख्रिस्ताच्या जन्मदिनापासून दिवस मोठा होऊ लागतो. आपण लहान व्हावे आणि त्याने मोठे व्हावे, असे हा योहान म्हणाला होता. संत ऑगस्टीनने आपल्या प्रवचनांत हा पंचांगाचा मेळ दाखवून दिला आहे.

आम्हां पुढारी म्हणवणाऱ्यांना हा संत अवघड जातो. लोकांना उजेड दाखवता दाखवता आपणच दिवा आहोत असा भ्रम व्हायला वेळ लागत नाही. मग फलकावरचे आपले नाव मोठे होते, कामगाराचे लहान होते. आम्हीही या भ्रमातून गेलो आहो. गेट उघडत नाही, भाषणे आटतात, तेव्हा तो उतरतो. नाताळच्या प्रकाशाची खूण ख्रिस्ती माणसाला विचारली, तर तो दिव्याच्या माळांकडे बोट दाखवणार नाही. पर्वतावरच्या प्रवचनात येशू समोर बसलेल्या सामान्य माणसांनाच जगाचा प्रकाश म्हणतो आणि दिवा मापाखाली झाकून ठेवू नका, असे बजावतो. म्हणजे गव्हाणीतला उजेड अखेरीस बघणाऱ्याच्या हाती सोपवलेला आहे. तो कोणाच्या रात्रीत नेऊन ठेवायचा, एवढेच आपण ठरवायचे.

येत्या २४ डिसेंबरला मध्यरात्री ठाण्याच्या चर्चची घंटा वाजेल. त्या वेळी इस्पितळात परिचारिका जागी असेल, कल्याणच्या यार्डात गँगमन रुळांवर चालत असेल, आणि एखाद्या सोसायटीचा रखवालदार मफलर गुंडाळून खुर्चीवर बसलेला असेल. घंटा ऐकून घरी परतणाऱ्या भाविकाने, आणि भाविक नसलेल्यानेही, त्या रखवालदारापाशी घटकाभर थांबून त्याची विचारपूस करावी. कथेप्रमाणे पाहिले, तर बातमी प्रथम त्याच्याकडेच आली होती.